बीट काढलं, पाला राहिला, कबुतरं उतरली: नॉरफोकच्या एका शेतावरचं प्रकरण

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, इथे कबुतर म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये घुमणारा पारवा नव्हे. हा वुडपिजन. पारव्यापेक्षा चांगलाच दांडगा, वजनाला अर्धा किलोच्या आसपास, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. इंग्लंडात हा शेतकऱ्याचा नंबर एकचा वैरी समजला जातो, आणि त्याला बंदुकीने मारणं हे इथल्या खेड्यात नेहमीचंच काम.

खालचं प्रकरण २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं आहे. माणसांची नावं आणि गाव दिलेलं नाही, शेताचे आकडेही थोडे गोल केलेत.

पार्श्वभूमी

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, घरी ऊस. इथे नॉरफोकमध्ये शेती सल्ल्याच्या एका छोट्या ऑफिसात काम करतो, म्हणजे गमबूट घालून दुसऱ्यांच्या शेतात फिरायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट टाइप करायचे. शुगरबीट हा या लोकांचा ऊस. सप्टेंबरात कारखाने चालू होतात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, त्याला हे कॅम्पेन म्हणतात, आपला गळीत हंगामच. सगळ्या देशात चारच कारखाने उरलेत, कँटली, विसिंग्टन, बेरी सेंट एडमंड्स आणि न्यूअर्क, त्यातला कँटलीचा १९१२ सालचा. चारही एकाच कंपनीचे त्यामुळे सहकार, चेअरमन, पॅनल वगैरे भानगड नाही, पण शेतकऱ्याची कुरकूर ऐकली की वाटतं आपण इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर बसलोय. दर परवडत नाही, काट्यावर मातीपोटी वजन किती कापलं, ट्रक अजून आला नाही.

तोडीला टोळी नाही, कोयता नाही. सहा ओळींचं अवाढव्य मशीन येतं, पुढून पाला झोडपतं, मागून कंद उपटतं, आणि दिवसभरात शेत मोकळं. मागे राहतो तो पाला, कंदांचे तुटलेले शेंडे-तुकडे, आणि तण. आपल्याकडे ऊस तुटला की वाढं राहतं तसं, फक्त ते न्यायला इथे कोणी येत नाही. म्हणजे पाखरं येतात.

आमचं शेत वायव्य नॉरफोकमध्ये, समुद्राच्या वॉश नावाच्या खाडीपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. बीटचं रान तीसेक एकर. त्याला लागून फक्त एक कुंपणाची झाडी आणि पलीकडे पंचवीस एकर ऑइलसीड, म्हणजे आपल्या मोहरीच्या भावकीतलं तेलबियांचं पीक. (इथे याला जे म्हणतात ते नाव मराठीत टाइप करायला मला अजून जीभ अडते, म्हणून ओएसआर म्हणतो, इथले लोकही म्हणतात.) ओएसआर ऑगस्टमध्ये पेरतात, हिवाळाभर ते जमिनीलगत हिरवंगार पानांचं असतं आणि एप्रिल-मेमध्ये पिवळं फुलतं. बाकी सगळं उजाड असताना हिरवं तेवढंच, त्यामुळे कबुतरांची खानावळ. त्यात या पिकाचं क्षेत्रच आटलंय. बियाण्याला लावायची निओनिक वर्गातली औषधं बंद झाली, पिसू भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला, आणि २०१२ ला देशात साडेसात लाख हेक्टरच्या आसपास असलेलं ओएसआर २०२१ ला तीन लाखांवर आलं. पाखरं काही त्या प्रमाणात कमी झाली नाहीत. ज्याचं उरलंय त्याच्या रानात गर्दी.

आता कायद्याचं थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टप्रमाणे सगळेच जंगली पक्षी संरक्षित आहेत. वुडपिजन मारायचा तर जनरल लायसन्सखाली. त्याला अर्ज करावा लागत नाही, पण अटी वाचून पाळाव्या लागतात. एप्रिल २०१९ मध्ये वाइल्ड जस्टिस नावाच्या संस्थेने जुन्या लायसन्सना कायदेशीर आव्हान दिलं तेव्हा नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने ती एका झटक्यात मागे घेतली, शेतकरी नुसते बोंबलले, मग घाईघाईत नवी आली, आणि २०२१ पासून जे चालू आहे ते जीएल ४२. मुद्दा एकच, मारायचं ते पिकाचं गंभीर नुकसान टाळायला. मजा म्हणून नाही, मटणासाठी नाही. आणि आधी न मारता हाकलायचे उपाय करून बघायचे.

प्रॉब्लेम

त्या वर्षी ऑक्टोबरात बाबेट वादळ, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिअरन वादळ, पाऊस थांबायचं नाव नाही. बीट निघालं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तेही मशीन दोनदा रुतून. मालकांचा प्लॅन होता की लगेच नांगरायचं आणि गहू टाकायचा. पण रान म्हणजे नुसता चिखल.

आठवड्याभरात त्या बीटच्या रानात दोन-तीनशे कबुतरं बसायला लागली. सकाळी पूर्वेच्या जंगलातून यायची, दिवसभर चरायची, संध्याकाळी परत. जाता येता काही ओएसआरमध्ये उतरायची. मालकांना रस्त्यावरून गाडीतून दिसायचं ते एवढंच की माझ्या रानात निळसर-करडी चादर पसरलीय. त्यांनी सरळ त्यांच्या नेहमीच्या शिकारी काकांना फोन लावला. काका म्हणजे रिटायर्ड ट्रॅक्टर मेकॅनिक, सत्तरीचे, फुकट येतात, पाखरं मारतात, मालकाचं पीक वाचतं आणि काकांचा दिवस जातो. असा व्यवहार इथे सर्रास चालतो, पैसे कोणी कोणाला देत नाही.

मला ऑफिसमधून सांगितलं होतं की जीएल ४२ च्या दृष्टीने कागद नीट ठेव. आणि मी तिथेच अडकलो. बीट तर कारखान्यात गेलं. मोकळ्या रानात कबुतराने खाल्लं तरी नुकसान कोणाचं?

मालक म्हणाले, "अरे तीच पाखरं उद्या ओएसआर खाणार, मग इथे मारली काय नि तिथे मारली काय." हे बोलणं अगदीच चुकीचं नाही. शेजारच्या पिकाला धोका असलेली पाखरं दुसऱ्या रानात मारता येतात, पण ती तीच पाखरं आहेत आणि धोका खरा आहे हे तुम्हाला पटलेलं पाहिजे, कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. मला पटलेलं नव्हतं. पण मी जोरात बोललो नाही. नवीन होतो, परदेशात होतो, आणि समोरचा माणूस चाळीस वर्षं ते रान कसतोय. तरी बोलायला पाहिजे होतं.

पहिला दिवस आणि पिकअपची फळी

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी काका आले, सोबत त्यांचा विशीतला नातू. मीही गेलो, म्हटलं बघू तरी. काकांनी आधी तासभर काहीच केलं नाही, गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत पाखरं कुठल्या वाटेने येतात ते बघत बसले. मग झाडीच्या कडेला जाळीचा आडोसा लावला. समोर पंचवीस-तीस पावलांवर प्लास्टिकची खोटी कबुतरं घोड्याच्या नालासारखी मांडली, सगळ्यांची तोंडं साधारण वाऱ्याकडे, मधे मोकळी जागा, कारण येणारं पाखरू वाऱ्याच्या उलट येऊन त्या मोकळ्या जागेत उतरतं. एका बाजूला बॅटरीवर फिरणारं मशीन, त्याला हे मॅग्नेट म्हणतात, दोन लांब दांड्या आणि टोकाला एकेक पक्षी गरगर फिरतोय, लांबून बघणाऱ्याला वाटावं दोघं उतरतायत. मला आपलं आठवलं ज्वारीच्या रानातला माळा आणि आजोबांची गोफण. तिथे पाखरू येऊ नये म्हणून जीव काढायचा, इथे यावं म्हणून एवढी सजावट.

एकदा नातवाने बंदूक खांद्याला लावली आणि काकांनी हाताने नळी खाली दाबली, एक शब्द न बोलता. पाखरू गेलं डोक्यावरून. तो स्टॉक डव्ह होता, जवळपास तसाच करडा पण जरा लहान, मानेवर ठिपका नाही, पंखावर पांढरा पट्टा नाही. तो या लायसन्समध्ये नाही, मारला तर गुन्हा. वुडपिजनच्या कोवळ्या पिल्लालाही मानेवर ठिपका नसतो, म्हणून मान नाही, पंख बघायचा, हे काकांनी नंतर नातवाला समजावलं.

दुपारपर्यंत एकेचाळीस पडली. मग मी काकांना म्हटलं की गळ्याखालची पिशवी उघडून बघूया का. काकांना गंमत वाटली पण सुरी दिली. पिकअपची मागची फळी पाडली आणि वीस पाखरं ओळीने ठेवली. पिशवी म्हणजे पातळ फुग्यासारखी, कापली की आतलं सगळं जसंच्या तसं ओलं बाहेर येतं, पचायला सुरुवातही झालेली नसते. ओएसआरचं पान असेल तर जाडसर निळसर हिरवे तुकडे दिसतात. ते सापडले तीन पाखरांत. बाकीच्या सतरांत? बारीक तणाची पानं आणि काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी, मुठीमुठीने. मी ते बोटावर घेतलं आणि हसूच आलं, चाकवत! आपण ताक घालून ज्याची भाजी करतो तो चाकवत इथे बीटमधलं बेक्कार तण आहे, कारण बीट आणि चाकवत एकाच कुळातले, बीटला न मारता चाकवत मारणारं तणनाशक शोधताना यांची कायम कसरत.

म्हणजे ती पाखरं बीटच्या रानात तणाचं बी वेचत होती. एका अर्थी मालकाचंच काम करत होती, फुकट.

सोमवारी मी परत गेलो तर बीटचं रान रिकामं आणि अडीचशेच्या आसपास कबुतरं ओएसआरमध्ये. आम्ही त्यांना तिकडे हाकललं होतं. वर अजून एक झालं. त्याच रानात शुक्रवारपासून पिंकफूट हंस यायला लागले होते, सातआठशे असतील. आइसलँड-ग्रीनलँडहून दरवर्षी येतात, रात्री वॉशच्या वाळूवर झोपतात आणि दिवसा नॉरफोकभर बीटचा पाला नि तुकडे खात हिंडतात. आपल्याकडे उजनीला पट्टकादंब येतात तशातला प्रकार. शनिवारच्या बारांनी ते उठले आणि जाऊन बसले पलीकडच्या शेजाऱ्याच्या नुकत्या उगवलेल्या गव्हात. रविवारी सकाळी शेजाऱ्याचा मालकांना फोन. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पर्याय

मंगळवारी मालकांच्या किचनमध्ये बसलो, मालक, काका, मी. टेबलावर चार गोष्टी होत्या. एक, काकांनी अजून दोन मित्र आणायचे आणि तिन्ही बाजूंनी कडक मारायचं. मालकांचा कल तिकडेच होता, वैतागलेल्या माणसाला काहीतरी दणदणीत केल्यासारखं वाटतं. दोन, पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी नांगर, म्हणजे खायलाच काही राहणार नाही. तीन, बीटच्या रानाला हातच लावायचा नाही, तिथे हंस आणि कबुतरं निवांत चरू द्यायची आणि सगळं बळ ओएसआरची राखण करण्यात लावायचं. चार, काहीच करायचं नाही, ओएसआर वसंतात सावरतं बऱ्यापैकी, होईल ते होईल.

दुसरा पर्याय वरून सगळ्यात शहाणा दिसतो पण मला त्याचीच भीती होती. पाला नांगरला की हजारभर हंस आणि तीनशे कबुतरं उपाशी थोडीच बसणार, जवळचं हिरवं म्हणजे आपलंच ओएसआर नि शेजाऱ्याचा गहू. मी पिशव्यांचे फोटो दाखवले. मालक बराच वेळ फोन हातात धरून बघत राहिले, मग म्हणाले, "पण गहू मागे पडेल त्याचं काय?" ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. गव्हाची पेरणी जितकी लांबेल तितकं उत्पन्न घटतं हे खरंच आहे.

शेवटी निर्णय अर्धा आम्ही घेतला आणि अर्धा पावसाने. रान नांगरण्यासारखं नव्हतंच. मालक म्हणाले ख्रिसमसपर्यंत राहू दे, नंतर बघू.

केलं काय

बीटच्या रानात बंदूक बंद, माणसांची ये-जा पण कमी. ओएसआरमध्ये एक गॅसतोफ, दोन उंच काठीवरचे पतंग, आणि दर तीन-चार दिवसांनी त्यांच्या जागा बदलायच्या. हे जागा बदलायचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण एका जागी ठेवलेलं बुजगावणं आठवड्यात फर्निचर होतं, मी स्वतः एका पतंगाच्या सावलीत कबुतर चरताना बघितलंय. गॅसतोफेला तासाला चारपेक्षा जास्त बार नकोत असा एनएफयू या शेतकरी संघटनेचा संकेत आहे, तो पाळला, तरी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींनी तक्रार केलीच, त्यांच्या कुत्र्याला त्रास होत होता. तोफ दूरच्या टोकाला नेली.

ओएसआरमध्ये मी तारेच्या जाळीचे चार छोटे पिंजरे ठोकले, मीटर बाय मीटरचे. आतलं पीक पाखरांना पोचत नाही, बाहेरचं पोचतं, फरक डोळ्याला दिसतो. यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

काका आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा, फक्त ओएसआरच्या जंगलाकडच्या कोपऱ्यात बसायचे. आकडा वाढवणं हा हेतू नव्हता, पाखराला कळावं की या कोपऱ्यात उतरणं महागात पडतं आणि पलीकडे निवांत आहे. एकदा आठ मिळाली, एकदा अकरा, एकदा तीन. मित्रांमध्ये काकांची चेष्टा झाली असणार. प्रत्येक वेळच्या पिशव्या उघडून मी वहीत लिहायचो, आणि डिसेंबरभर त्या पिशव्यांत ओएसआरची पानं वाढत गेली तरी निम्म्याच्या वर काही गेली नाहीत.

(काकांनी एकदा सहा छात्या साफ करून दिल्या. घरी कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला. मांस गडद लाल, चरबी नाही, जरा जास्त शिजलं की चामडं. दुसऱ्यांदा केला नाही.)

निकाल

जानेवारीच्या मध्याला कडक थंडी पडली, जमीन गोठली. बीटच्या रानातला पाला तोवर काळा पडून संपला होता, चाकवताचं बीही बहुतेक वेचून झालं असावं. हंस दुसऱ्या गावाच्या बीटवर गेले. आणि कबुतरं सगळीच्या सगळी ओएसआरवर, आजूबाजूची पण धरून चारशेच्या वर. जंगलाकडचा कोपरा चार दिवसांत दांड्यांवर आला, पिंजऱ्याच्या आत हिरवा चौकोन आणि भोवती नुसत्या शिरा. आता लायसन्सबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. काका आणि दोन मित्र तीन दिवस बसले, मिळून दीडशेच्या आसपास पाखरं मारली, एकूण एक पिशवी ओएसआरने टम्म. कळप फुटला, थंडीही सरली.

नुकसान शेवटी साधारण तीन एकरांत. तो कोपरा बाकीच्या रानाहून दहाबारा दिवस उशिरा फुलला, रस्त्यावरून पिवळ्या चादरीला हिरवं ठिगळ दिसायचं, आणि काढणीला अर्ध्या शेंगा पिकलेल्या अर्ध्या कच्च्या. बाकीचे बावीस एकर नीट आले.

बीटच्या रानात गहू झालाच नाही. फेब्रुवारीतही ओल होती, शेवटी मार्चअखेर वसंतातली बार्ली टाकली, पैसे गव्हापेक्षा कमी. मालकांचं मत असं की ख्रिसमसपर्यंत थांबलो त्याचा हा भुर्दंड. माझ्या वहीत पावसाच्या नोंदी आहेत आणि त्यानुसार त्या दिवसांत नांगर घालण्यासारखे सलग दोन कोरडे दिवसही मिळाले नव्हते. यावर आमचं अजून एकमत नाहीये आणि होईल असं वाटतही नाही.

परत तशी वेळ आली तर

पहिल्या शनिवारी एकेचाळीस मारायच्या आधी पाच मारून पिशव्या उघडायच्या. पाच पुरतात. आम्ही सगळं उरकून मग विचार केला.

पिंजरे नोव्हेंबरात नाही, ओएसआर चार पानांवर आलं की लगेच ठोकायचे. मी उशीर केल्यामुळे सुरुवातीच्या नुकसानीचा हिशोबच राहिला नाही.

शेजाऱ्याला आधी फोन. हंस कोणाच्या रानात बसणार हे दोन्ही रानांचं मिळून गणित आहे, आणि त्याच्याकडे डिसेंबरात निघणारं बीट होतं, ते आम्हाला फेब्रुवारीत कळलं! दोघांनी ठरवून पाला पाळीपाळीने ठेवला असता तर जानेवारीतला तो उपाशी पंधरवडा बराचसा टळला असता असं मला वाटतं.

जंगलाकडच्या कोपऱ्याबद्दल काकांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते तिथे ओएसआर पेरायलाच नको, ते तीन एकर दरवर्षी जाणार, तोफ लावा नाहीतर तोफखाना. मालकांनी हे ऐकून घेतलं आणि पुढच्या ऑगस्टला त्या कोपऱ्यात पाखरांसाठी बियांचं मिश्रण पेरलं, सरकारी योजनेत त्याचे पैसे मिळतात. ऑक्टोबरात मी बघायला गेलो तेव्हा काका कुंपणाशी गाडी लावून चहा पीत बसले होते, बंदूक मागे कव्हरमध्ये. त्या मिश्रणात चाकवत आपोआप उगवला होता, कमरेएवढा. मी कोवळे शेंडे खुडून पिशवी भरली, काका बघत राहिले, म्हणाले, "हे तू खाणार?"